ज्या वासावरून मी भांडलो

सन दोन हजार वीस. मला तेव्हा एकाहत्तरावं चालू होतं. साखर नाही, गुडघे शाबूत, गोळी फक्त बीपीची, तीसुद्धा शेवंतीने हातावर ठेवली तर. शेवंती म्हणजे माझी बायको. विक्रोळीच्या एका कारखान्यात बॉयलरवर माझी सगळी नोकरी झाली. आगीसमोर उभा राहिलेला माणूस तापाला काय भितो, असं मी चारचौघांत बोलायचो.

माझं शिक्षण चौथी. तेव्हा शब्द पुढेमागे झाले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझी हरकत नाही. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं त्या म्हणाल्या, "काका, मला सांगितलंत ना, तसंच लिहून काढा. माणसं लपवतात आणि उशिरा येतात." म्हणून लिहितो. औषधांची नावं मला पाठ नाहीत, ती यात सापडणार नाहीत.

मुलगी नंदा मस्कतला असते. तिच्याकडे मी थोड्या दिवसांसाठी गेलो होतो. शेवंतीला दमा, विमानाचं नाव काढलं की तिला धाप लागते. "तुमी जावन येवा, नातवाक बघा, माका काय होणा नाय," म्हणाली. मी गेलो आणि मागे जग बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद. इकडे ती एकटी, विक्रोळीत पार्कसाईटच्या डोंगरावरच्या आमच्या बैठ्या चाळीत. गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, हा आजार तुमच्या छातीला पेलणार नाही. उंबऱ्याबाहेर पडायचं नाही." ते वाक्य तिने मला हसत हसत सांगितलं. मी मात्र रात्रभर तेच घोकत बसलो. तिला काही झालं तर पाण्याचा तांब्या द्यायला कोण आहे? तेव्हापासून मला एकच लागलं होतं. घरी जायचं, तिच्याजवळ जायचं.

शेवटी सरकारने सोडलेल्या एका विमानात जागा मिळाली.

अंधेरीला अडकलो

विमानतळावर एक जण चाकाची खुर्ची घेऊन आला. मी म्हटलं, "ही कुणासाठी?" तो म्हणाला, "आजोबा, तुमच्यासाठी." मी माझी बॅग त्या खुर्चीत ठेवली आणि स्वतः चालत निघालो.

पुढे टेबल लावून माणसं बसली होती, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत. हातावर शिक्का मारला. थेट घरी जायचं नाही, आधी हॉटेल. मी तिथल्या साहेबाला म्हटलं, "अहो साहेब, माझं घर विक्रोळीला. गाडीघोडा नको, मी चालत जाईन."

तो बिचारा थकलेला होता. म्हणाला, "काका, तुम्ही चालत जाल हो. पण तुमच्याबरोबर आणखी कोण चालत जाईल ते आपल्याला दिसत नाही ना."

तरी दोन-चार शब्द बोललोच. मग बसमध्ये बसलो.

हॉटेल अंधेरीलाच, विमानतळापासून जवळ. वरच्या मजल्यावरची खोली. एका माणसाला चार उशा. जमिनीला गालिचा, भिंतीवर टीव्ही, आणि खिडकी अशी की उघडतच नाही. इतक्या भारी खोलीत मी जन्मात राहिलो नव्हतो, आणि जन्मात इतका कोंडलोही नव्हतो. मी खाली फोन लावला.

"सर, बोला सर," पलीकडे एक मुलगी.

"सर कोण? काका म्हण. मला बादली आणि टमरेल पाठव."

"सर, बाथरूममध्ये शॉवर आहे ना."

"शॉवर असू दे. तो भिंतीवरच बरा आहे. बादली पाठव."

"आणि दुसरं काय म्हणालात सर?"

"टमरेल गं. लोटा, डबडं, काहीही. पाणी घेता आलं पाहिजे."

"मी मॅनेजरना विचारते सर."

संध्याकाळी लाल बादली आणि प्लॅस्टिकचा मग आला. जिंकल्यासारखं वाटलं.

दाराबाहेर एक खुर्ची होती. तीवर जेवण ठेवायचे, बेल वाजवायचे आणि निघून जायचे. पावलांचा आवाज गेला की मग आपण दार उघडायचं. मी हे शेवंतीला फोनवर सांगितलं.

"म्हणजे कोण शिवणा नाय तुमका?"

"खुर्चीर ठेवतत आणि पळतत."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. "म्हणजे तुमी भायेर बसलात! आमी दर म्हयन्याक बसू, तेव्हा तुमची आवस अशीच ताट सरकवी."

"पुरे गो."

"काय पुरे? बसा गपचूप. न्हावन धुवन मगे घरात येवा."

खिडकीतून पवईकडचे डोंगर दिसायचे. त्यांच्या पलीकडे आमचा डोंगर. सकाळी मी खुर्ची ओढून तिकडे तोंड करून बसायचो. आकाशात विमान नाही, खाली रस्त्यावर माणूस नाही. कावळे मात्र मोकळे होते. एकेकदा वाटायचं, काच फोडावी. पण फोडून काय, उडता थोडंच येतंय.

तपासणीत माझं काही निघालं नाही. थोडेच दिवस राहिले होते, मग उरलेला वेळ घरी काढायचा, असं मला तिथे सांगण्यात आलं. घरी म्हणजे शेवंतीजवळ. माझा जीव भांड्यात पडला.

सुकट

हॉटेल शाकाहारी होतं. पनीर, पनीर, आणि बदल म्हणून पनीर. वाईट नव्हतं, पण माझ्या पोटाला ते खरं वाटेना. ही गोष्ट शेवंतीला कळली. आमच्या गल्लीतल्या बबनला दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी रिक्षा काढायची परवानगी होती. तिने त्याच्या हाती डबा धाडला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि वर एक पिशवी भाजलेली सुकट. सुकट म्हणजे वाळवलेला बारीक जवळा. आम्हा कोकणातल्या माणसांना ताटात काही नसलं तरी ती असली की चालतं.

खाली हॉटेलवाल्यांनी पिशवीवर औषध फवारलं होतं. ते आत झिरपून सुकट ओलसर झाली होती. आता, ओल लागलेली सुकट तशीच बांधून ठेवली तर वाया गेली समजा. तिला वारा लागतो. हे आमच्याकडे पोरंबाळंही जाणतात. मी हॉटेलचा पांढरा टॉवेल टेबलावर पसरला, त्यावर सुकट पातळ पांगवली आणि टेबल ओढून एसीच्या झरोक्याखाली आणलं. तो एसी मी आल्यापासून बंदच ठेवला होता, मला ती थंडी सोसत नाही. सुकटीसाठी पहिल्यांदा चालू केला.

मग भाकरी-चटणी खाल्ली. पचपचीत लागली. मनात म्हटलं, एकटी आहे, हात चालला नसेल, तिखट विसरली. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

भिंतीपलीकडचा माणूस

दुपारी खालच्या मुलीचा फोन. "सर, तुमच्या फ्लोअरवरून कंप्लेंट आहे. खूप वास येतोय म्हणे. तुमच्या रूममध्ये काही... म्हणजे उंदीर वगैरे मेलाय का?"

माझं डोकं फिरलं. ही गोष्ट मला नवी नव्हती. माझ्या पुतण्याने मुलुंडला जागा बघितली होती, तेव्हा दलालाने आधी काय विचारलं? काय काम करता हे नाही विचारलं. काय खाता, हे विचारलं. त्यामुळे मी तयारच होतो.

"हे बघ मुली, उंदीरबिंदीर काही नाही. माझ्या बायकोने धाडलेलं जेवण आहे. वास येणाऱ्यांना सांग, नाक बंद करा."

फोन ठेवतो न ठेवतो तो पुन्हा वाजला. या वेळी पुरुषाचा आवाज. "मी बाजूच्या खोलीतून बोलतोय. जयंती नाव माझं. आपण एकाच विमानाने आलो."

नाव ऐकून मी हिंदी सुरू केली. "देखो भाई, आपको क्या तकलीफ है?"

"काका, मराठीत बोला ना. मी मुलुंडचा. जन्म तिथला, दुकान तिथलं."

"मुलुंडचे ना? तरीच!"

"तरीच काय तरीच? अहो, मी नाकाला रुमाल बांधून बसलोय. तुम्ही काय खाता ते खा, मी कोण बोलणारा? पण झाकून ठेवा की. त्या एसीतून सगळा वास आमच्याकडे येतोय. उलटी व्हायची बाकी आहे."

"उगाच तमाशा करू नका जयंतीभाई. तुम्हाला वासाचा नाही, सुकटीच्या नावाचा त्रास आहे. इथे माझ्या तोंडासमोर पसरली आहे, मला तर कसला वास येत नाही!"

"काय म्हणालात काका?"

"वास येत नाही म्हणालो! कानालापण रुमाल बांधलाय काय?"

"काका," त्याचा आवाज उतरला, "मला भिंतीपलीकडे येतोय. पॅसेजच्या टोकाच्या बाईंना येतोय. आणि तुम्हाला तोंडासमोर असून येत नाही?"

मी रिसीव्हर गादीवर ठेवला. टेबलाशी गेलो. मूठभर सुकट घेतली, नाकाशी नेली. काही नाही. तळहातावर चुरगळली, पुन्हा हुंगली. काही नाही. बाथरूममधला साबण घेतला. बॅगेतला बाम काढला. डोळ्यांत पाणी आलं, नाक मात्र भिंतीसारखं. सुकटीला वास नाही म्हणजे समुद्राला मीठ नाही. मस्कतला टीव्हीवर रोज सांगायचे, वास गेला तर कोरोना समजा. मी ते ऐकून ऐकून विटलो होतो.

रिसीव्हर उचलला. तो माणूस अजून तिथेच होता.

"काका, आहात ना?"

"आहे."

"मी कोणाला काही बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा. पण घरी कोण असतं तुमच्या?"

मी फोन ठेवला.

झकास

खरं लिहायचं तर मी आधी ठरवलं की सांगायचं नाही. सुटायला फारसा वेळ नव्हता. निघताना कपाळावर ते तापाचं यंत्र धरणार, आणि अंग तर माझं गार होतं. कोणाला कळणार? वास नाही म्हणून काय माणूस मरतो? घरी जाईन, माळ्यावर झोपेन, तोंडाला फडकं बांधेन. भीती खरी ॲम्ब्युलन्सची होती. आमच्या चाळीतला एक जण असाच गेला, शेवंतीने फोनवर सांगितलं होतं. दारातून हात हलवला तेवढाच. नंतर घरच्यांना तोंडसुद्धा दिसलं नाही. मला मरणाचं नव्हे, त्या तसल्या जाण्याचं भय वाटलं. कुणी ओळखीचं नाही, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आपण.

संध्याकाळी शेवंतीचा फोन.

"डबो पोचलो?"

"पोचलो."

"चटणी कशी झाली?"

"झकास."

ती मग म्हणाली, "काय म्हणालात?"

"झकास गो. एक नंबर."

"अवो, लगीन होवन इतकी वर्सा झाली. मीठ कमी, तिखाट जास्त, आवस करी तशी नाय, ह्याच मी आयकत इलंय. आज झकास? काय झाला ता सांगा."

"खय काय झाला? बरी झाली म्हणून बरी म्हटलंय."

"सांगा."

"काय नाय म्हणतंय ना!"

मी आवाज चढवला. ती काहीतरी बोलायला गेली आणि तिला खोकला आला. लांबला. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, मग तिच्या पंपाचा फस्स आवाज, मग पुन्हा एकदा. मग ती श्वास ओढत होती, तो मला ऐकू येत होता. बॉयलरची वाफ कुठून निसटते ते मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो. हा आवाजही मला ओळखता येत होता. त्या छातीत आता आणखी काही मावणार नव्हतं.

ती पुन्हा फोनवर आली तेव्हा मी म्हटलं, "शेवंते, माका वास येणा नाय. सुकटीचोसुदा."

वाटलं, रडेल. ती रडली नाही. पंप पुन्हा एकदा ओढला. मग म्हणाली, "तर मगे थंयच ऱ्हवा. हयसर येवचा नाय."

"अगो, पण तू एकटी..."

"अवो, माका तुमी व्हये आसात. पण असे नको. खाली फोन करा. आताच्या आता. आणि केलात काय माका सांगा. तवसर मी जेवणा नाय."

माझ्यावर हुकूम चालवणारे कितीतरी फोरमन होऊन गेले. एकाचंही मी पहिल्या बोलाला ऐकलं नव्हतं. तिचं ऐकलं.

खाली फोन लावला. मुलगी म्हणाली, "सर, ती कंप्लेंट..."

"कंप्लेंट राहू दे. मला वास येत नाही. जो कोणी डॉक्टर असेल त्याला सांग."

"हो काका," ती म्हणाली. पहिल्यांदाच काका म्हणाली. "तुम्ही घाबरू नका. दार उघडू नका, मी लगेच बोलवते."

नाकात काडी घातली. अहवाल आला. आहे, म्हणून. ज्याला हा दिवस येईल त्याला सांगतो: मनाची तयारी वगैरे काही होत नसते. मी फक्त बॅगेची चेन तीन-चारदा लावली आणि उघडली. मला न्यायला आलेल्यांनी सुकट टॉवेलसकट पिवळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात नेली. त्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं.

पॅसेजमधून जाताना बाजूचं दार बोटभर उघडं होतं. फटीत एक गोरा, टकला माणूस, तोंडाला दुहेरी मास्क. दोन्ही हात जोडून उभा होता. "काका, फोन नंबर देऊन जा," म्हणाला. मी ओरडून सांगितला. त्याने भिंतीवर बोटाने गिरवल्यासारखं करत पाठ केला.

मुलुंड

मुलुंडला मोठा मांडव घालून सेंटर केलं होतं. आत खाटांच्या रांगा. हॉटेलातून इथे आलो आणि एक गोष्ट पटकन जाणवली: माणसं दिसत होती. कोणी खोकतंय, कोणी मुलाशी फोनवर भांडतंय, कोणी जपमाळ ओढतंय. आजारी का होईना, माणसं. मला बरं वाटलं हे लिहायला लाज नाही.

दोन दिवस मी ठणठणीत होतो आणि तसं सगळ्यांना ऐकवत होतो. मग ताप चढला. पाय आपले नाहीत असं झालं. बोटाला चिमटा लावायचे, त्यावरचा प्राणवायूचा आकडा बघून सिस्टर एकमेकींकडे बघायच्या. नाकाशी नळी आली. पालथं झोपायला सांगितलं. पोटावर झोपणं मला जमेना, मी उताणा व्हायचो. मग तिथल्या वॉर्डातल्या मावशी यायच्या. नाहूरला राहणाऱ्या, बोलण्यावरून कुडाळकडच्या.

"काका, परत उताणे? काय जत्रेत झोपलात?"

"माझ्या पोटाक त्रास होता."

"पोटाक होवंदे. छातीक बरा वाटता ना? चला, वळा. मी ढकलू काय?"

"हात लावायचो नाय. मी वळतंय."

"तर मगे वळा. मी हयसर उभी आसंय."

आणि ती बाई खरंच उभी राहायची. तिच्या त्या प्लॅस्टिकच्या कपड्यांत घामाने भिजलेली. तिचा चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही. बाहेर कधी समोरून गेली तरी मला ओळखता येणार नाही. याची रुखरुख आहे.

समोरच्या खाटेवर एक भांडुपचे मास्तर होते. जेवणाची वेळ झाली की मला हात करायचे, जेवा म्हणून. एका सकाळी बघतो तर खाट रिकामी, चादर नवी. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमी चाय घेवा, गार होता." मी समजलो. चहा घेतला. चव नव्हतीच, पण गरम होता. त्या दिवशी मी कुणाशी भांडलो नाही आणि कुणी न सांगता पालथा झोपलो.

मनात यायचं, आपण गेलो तर शेवंतीला कोण कळवेल, कसं कळवेल. आणि लगेच दुसरं यायचं: घरी गेलो असतो तर आज ही खाट तिची असती. हा विचार आला की भीतीचा पीळ जरा सुटायचा. ज्यांना हे वाचून उपयोग होईल त्यांना एवढंच. आपण इथे आहोत म्हणजे ते घरात सुखरूप आहेत, हे धरून ठेवावं.

फोन

दोन फोन रोज यायचे. एक नंदाचा, मस्कतहून. ती रडायची. माझ्याकडे आलात म्हणून झालं, म्हणायची. मग आईवर घसरायची. "आईने तुम्हाला घरी येऊ द्यायला हवं होतं. आपल्या माणसाला कुणी असं सांगतं, येऊ नको म्हणून? किती कठोर आहे ती!" दोघी मायलेकी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. त्याचा त्रास मला तापापेक्षा जास्त झाला.

एक दिवस नाकाची नळी जरा बाजूला करून मी म्हटलं, "नंदा, तुझ्या आईने मला अडवलं नाही. मी थांबलो. मला अडवणारा अजून जन्मला नाही, तुला माहीत आहे. तिला फोन कर."

"बाबा..."

"आधी तिला फोन कर. मग मला."

तिने केला. दोघी किती वेळ रडल्या कोण जाणे. शेवंती मला एवढंच म्हणाली, "पोरगी बोलली हां."

दुसरा फोन जयंतीभाईंचा. तो माणूस हॉटेलातून सुटून घरी गेला, त्याला काही झालं नाही, तरी रोज फोन. "काका, आज आकडा किती? काका, वास आला का?"

एकदा मी म्हटलं, "जयंतीभाई, सुकटीचा वास परत यावा म्हणून देवाला सांगणारे मुलुंडातले तुम्ही पहिले."

"सांगतो ना काका. मंदिर बंद आहे, घरातूनच सांगतो. पण देवाला वस्तूचं नाव सांगत नाही. नुसतं म्हणतो, काकांना वास येऊ दे."

हसताना छाती दुखली. पण हसलो.

वास पुढे आला, पण अर्धामुर्धा. अजूनही कांद्याचा येतो आणि फुलांचा येत नाही.

समोरची खोली

बरं झाल्याचा कागद मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घरी जा. तुमच्यापासून आता कुणाला काही होऊ नये, तरी थोडे दिवस वेगळे राहिलात तर उत्तम."

वेगळे म्हणजे कुठे? आमची एक खोली आणि मोरी. माळ्यावर झोपलो तरी श्वास तोच. आमच्या समोरचे तावडे साऱ्या कुटुंबासह गावी गेले होते, किल्ली शेवंतीकडे होती. मी मुलुंडहूनच तिला फोन केला, तावड्यांचं दार उघडून ठेव म्हणून.

आता ती ऐकेना. "डाक्टर सांगतत काय झाला, आता भिऊचा नाय. घरात येवा. किती दिस झाले!"

"शेवंते, हॉटेलात माका सरकारान ठेवल्यान. हयसर मी स्वतः ऱ्हवतलंय."

"हट्ट तो हट्टच."

"असांदे."

बबनच्या रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरलो. चढ चढताना तीनदा थांबलो. बबन हात द्यायला आला, नको म्हटलं. शेवंती दारात उभी होती, पदर नाकावर. वाळली होती. मधली गल्ली हातभर रुंद, पण त्या दिवशी मला खाडीएवढी वाटली. ती पुढे झाली तसा मी हात वर केला. ती उंबऱ्यातच थांबली. दोघं उभे राहिलो. मग ती म्हणाली, "पेज ठेवलंय दाराशी, जेवा." आणि मी तावड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं त्याच्या आवाजाने जागा झालो. आमचा नळ गल्लीत आहे. मी नसताना ती स्वतः पाणी भरत होती की शेजारची कोणी भरून देत होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तोंडाला फडकं बांधून बाहेर आलो. तिच्या दाराबाहेर दोन कळशा उपड्या होत्या. त्या साबणाने घासल्या, भरल्या, आणि भरताना अर्ध्यावर नळ बंद केला. तिला उचलता आल्या पाहिजेत म्हणून. उंबऱ्याशी ठेवल्या, कडी वाजवली आणि मागे सरून गल्लीच्या टोकाला, माझ्याकडचा वारा तिच्याकडे जाणार नाही अशा अंगाला जाऊन उभा राहिलो. तिने दार उघडलं. एक कळशी आत नेली. मग दुसरी. मग रिकाम्या कळशा बाहेर ठेवल्या आणि दार लावलं. मी पुन्हा नळाशी गेलो.